दोन बोटं

अंबादास मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"दाबा."

गाडीत बसलेल्या तिच्या मालकाने, धैर्यशीलने, ॲक्सिलरेटर दाबला. निळी, बसकी टर्बो गाडी गुरगुरली. काटा चार हजारांच्या वर गेला आणि एक ठोका चुकला. रविवारी तिला शर्यतीच्या ट्रॅकवर उतरायचं होतं. गावातली गाडीवेडी माणसं उद्यमनगरातल्या या शेडमध्ये यायची ती मिस्त्रींच्या कानासाठी. तो कान कधी चुकला नव्हता.

"तीन नंबर," मिस्त्री म्हणाले. "कॉइल गेलीया."

त्यांची मुलगी क्रांती मागे स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावर चुकलेल्या ठोक्यांचे आकडे दोन नंबरच्या सिलिंडरपुढे वाढले होते.

"बाबा, दोन."

इंजिन बंद झालं. मिस्त्री तीन नंबरचा बोल्ट सोडवू लागले.

"बाबा, दोन नंबर हाय!"

एवढ्या मोठ्यानं म्हटलं तरी ते वळले नाहीत.

"लॅपटॉपचं ऐकतंय कोण हितं!" धैर्यशील हसला.

इतक्यात क्रांतीची आई विमला चहाचा ट्रे घेऊन आली. आज गुरुवार होता; गुरुवारी दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असे, वाडीच्या दत्ताला नवस म्हणून बोललेलं. 'रोज गुरुवार असता तर बरं झालं असतं,' असं मिस्त्री अलीकडे वरचेवर म्हणत आणि घरात सगळे हसत.

तिने ट्रे बाकावर ठेवला. गाडीला वळसा घालून ती नवऱ्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि दोन बोटं वर केली.

"दोनच कप व्हय, काकू? मी बी पिणार हाय की!" धैर्यशील गाडीतूनच म्हणाला.

विमलाची बोटं तशीच राहिली. मिस्त्रींनी बोटांकडे पाहिलं, मग वळून लेकीकडे. हातातला पाना थांबला.

"दोन," ते हळू म्हणाले. "व्हय. दोनच."

क्रांतीने दोन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल चारवर बसवली आणि चारची दोनवर. इंजिन पुन्हा चालू केलं. ठोका चुकलाच, पण आकडे आता चारपुढे वाढू लागले. म्हणजे कॉइलच खराब होती. नवी बसली तसा आवाज एकसारखा वर चढत गेला.

"कॉइल म्हणाला, कॉइलच निघाली! कान हाय का काय हाय, मिस्त्री! विकून टाका त्यो लॅपटॉप!" धैर्यशील म्हणाला.

मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघत हसले. क्रांतीने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला किटली घेऊन आली. मिस्त्री एका जुन्या जीपचं बॉनेट उघडून उभे होते. ती त्यांच्या समोर गेली, कपावर बोट आडवं धरून तिने नजरेनेच विचारलं, अर्धा?

"पुरा भर," ते लगेच म्हणाले.

"आई, आज शुक्रवार हाय."

विमलाने नुसती मान हलवली आणि कप भरला.

क्रांतीला दहाचा पाना हवा होता. हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. जीपला वळसा घालून ती वडिलांच्या समोर आली आणि दोन्ही हातांची बोटं पसरली.

मिस्त्रींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दहाचा पाना उचलून तिच्या तळहातावर ठेवला.