बोलावणं येईपर्यंत

त्या ऑफिसात बाहेरून घेतलेल्या सल्लागारांना 'पाहुणे' म्हणत. नाव गमतीत पडलं होतं, पण अगदी चपखल. बोलावलं की पाहुण्यानं यावं, दाखवतील तिथं बसावं, पुढ्यात येईल ते गोड मानून घ्यावं आणि स्वयंपाकघरात डोकावू नये.

सरकारी इमारती बांधणारं ऑफिस ते. स्वतःचे इंजिनियर कमी आणि कामं ढीगभर, म्हणून त्यांनी हे लवचीक कंत्राट काढलं. बाहेरच्या जाणकारांची एक यादी करायची, सगळ्यांच्या एकदाच सह्या घेऊन ठेवायच्या, आणि काम निघेल तसा हवा त्याला फोन करायचा. दर कामाचा कार्यादेश वेगळा. त्यात जिना लिहिला असेल तर जिना बघायचा, छत लिहिलं असेल तर छत. कोणाला काढून टाकायची भानगडच नाही. नकोसा झालेल्याला बोलवायचं नाही, की झालं. एका वयस्कर सल्लागाराला टाकीचे खांब बघायला बोलावलं होतं, तर त्यांनी शेजारच्या पंपघराच्या तुळईबद्दलही लिहून टाकलं. विचारलं होतं का कोणी? त्यांचं नाव अजून यादीत आहे, मानानं अगदी वर आहे. फोन मात्र त्यांना पुन्हा गेला नाही.

पाहुणीबाई यादीत बऱ्याच खाली होत्या. इमारतीचा भार कोण पेलतंय आणि कोण पेलल्याचं सोंग करतंय, हे ओळखणं त्यांचा धंदा. पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या. जुन्या फर्मनं तरुण मंडळी हवीत म्हणून घरी बसवल्यापासून या कंत्राटावरच त्यांची चूल पेटत होती. आंघोळीला जाताना त्या फोन दाराबाहेर स्टुलावर ठेवत आणि नळ बारीक सोडत, न जाणो वाजला तर.

फोन वाजला तो सरकारी हॉस्पिटलच्या कामासाठी. नवा विभाग बांधत होते, त्याच्या मागच्या जिन्याची पाहणी करायची होती. बाईंनी जिना पाहिला. जिना बरा होता. मग त्या मागच्या बाजूला गेल्या, कारण तिथल्या धुलाईघरात त्यांचा दादा होता.

वडील लवकर गेले तेव्हा दादानं शाळा सोडली आणि या हॉस्पिटलच्या चादरी धुऊन धुऊन धाकट्या बहिणीला इंजिनियर केलं. ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं. आपलं माणूस तिथं आहे म्हटलं तर काम हातचं जाईल, या धास्तीनं बाईंनी तोंड उघडलं नव्हतं.

धुलाईघर म्हणजे एक लांबट, कोंदट खोली. तिच्या पाठीमागे, जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ सोडून, हॉस्पिटलच्या आवाराची जुनी भिंत. बाई खोलीला वळसा घालून मागे गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. नव्या विभागाचा पाया खणताना निघालेली माती ठेकेदारानं उचलून न्यायचे कष्ट वाचवले होते. सगळीच्या सगळी त्या भिंतीपलीकडे रचली होती, भिंतीच्या माथ्यापर्यंत. ती भिंत गुरं आत येऊ नयेत एवढ्यापुरती बांधलेली. माती रोखणं तिच्या बापजन्मी तिला ठाऊक नव्हतं. मधोमध तिला पोट सुटलं होतं आणि खालच्या भेगेतून पाणी झिरपत होतं.

"दादा, भिंतीला पोट सुटलंय," बाई आत येऊन म्हणाल्या.

"वय झालं तिचं. मला नाही सुटलं?" दादा म्हणाला आणि आपल्या पोटावर थाप मारून हसला.

"चेष्टा नको. या खोलीत बसू नकोस तू."

"मग चादरी तुझ्याकडे आणून धुऊ का? वाळत घालायला गच्ची तरी आहे का तुला?" मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "असं कर, कागदावर दोन ओळी लिहून दे. आमचे वरचे म्हणतात, इंजिनियरचा कागद आणा, लगेच खोली बदलून देतो. जुनी कँटीन रिकामीच पडलीय. मी सांगितलंय त्यांना, माझी बहीणच इंजिनियर आहे."

दोन ओळींचं काम. पर्समध्ये पेन होतं, पाठकोरे कागद होते. पण बाईंचा हात पर्सकडे गेला नाही. कार्यादेशात जिना होता, भिंत नव्हती.

"ऑफिसात बोलते. भिंतीसाठी बोलावलं की रीतसर लिहिते," त्या म्हणाल्या.

"तू म्हणशील तसं," दादा म्हणाला. त्याचा बहिणीवर फार विश्वास. तोच नडला.

बाई ऑफिसात गेल्या. कार्यादेश काढणारा साहेब माणूस वाईट नव्हता, चहा मागवल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसे. बाईंनी सगळं सांगितलं. फक्त दादाचं सांगितलं नाही.

"बाई, तुमचं खरं असेल," साहेब म्हणाले. "पण भिंत तुमच्या कार्यादेशात नाही. तुम्ही लिहिलंत की मला काम थांबवावं लागणार, ठेकेदार कोर्टात जाणार, आणि वरचे मला विचारणार की पाहुण्यांना स्वयंपाकघरात सोडलं कोणी. त्यापेक्षा मी भिंतीचा वेगळा कार्यादेश काढतो आणि तुम्हालाच बोलावतो. मग लिहा की पोटभर."

आणि बाईंना बरं वाटलं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. सांगायचं ते सांगून झालं, वाईटपणा आला नाही, वर आणखी एक काम मिळणार. जिना उतरताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

बोलावणं काही आलं नाही. बाईंनी एकदा फोन केला, साहेब मीटिंगमध्ये होते. पुन्हा केला, तर फाइल वर गेली होती. तिसऱ्यांदा करायला त्यांना जिवावर आलं. फार मागे लागणारा पाहुणा कोणाला आवडतो? दादा मात्र अधूनमधून विचारायचा, "काय गं, आलं का तुझं बोलावणं?" थट्टेत विचारायचा. एकदा म्हणाला, "टेबल मी पुढच्या दाराशी घेतलंय, तू काळजी करू नकोस. मशिनं तेवढी मागच्या भिंतीला आहेत." आणि दिवसभर काम मशिनांपाशीच, हे दोघांनाही ठाऊक होतं. रात्री अंथरुणात बाई त्या दोन ओळी मनात लिहून काढत. सकाळी उठून फोनकडे बघत.

मग एका सकाळी फोन वाजला. बाई भाजी निवडत होत्या.

"बाई, लगेच निघा," साहेबांचा आवाज घाईचा होता. "भिंतीचं काम निघालंय. हॉस्पिटलच्या मागची, तुम्ही म्हणाला होतात तीच. आज पहाटेच्या पाळीला आली खाली. कार्यादेश तयार आहे. बरं झालं आपलं कंत्राट लवचीक आहे ते, निविदा नको, काही नको. तुम्ही फक्त या आणि कारण काय ते लिहून द्या."

"धुलाईघर?" बाईंनी विचारलं.

"ते मातीखाली गेलंय. माणसं आहेत म्हणे आत."

बाईंनी दादाला फोन लावला. रिंग जात राहिली. रिक्षात बसूनही त्या लावत राहिल्या, आणि पलीकडे रिंग जात राहिली.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाला दोरी बांधली होती. दोरीअलीकडे धुलाईघरातल्या लोकांच्या घरची माणसं उभी होती, त्यांत वहिनी. पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाईंना पाहताच तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"हे लोक आत सोडत नाहीयेत गं. काही सांगतही नाहीत," ती म्हणाली. मग एकाएकी तिचा आवाज खाली आला. "तू लिहून देणार होतीस ना? हे रोज म्हणायचे, माझ्या बहिणीचा कागद आला की हलायचं. कँटीन झाडूनसुद्धा ठेवली होती त्यांनी."

दोरीपलीकडे मातीचा ढीग धुलाईघराच्या जागेवर पसरला होता आणि त्यातून पांढऱ्या चादरींची टोकं बाहेर आली होती. चार माणसं फावड्यानं माती ओढत होती. चुकीच्या बाजूनं ओढत होती. वरची माती आणखी खाली येणार, हे बाईंना इथूनही दिसत होतं.

पहारेकरी दोरीपाशी आला. "नातेवाईक आहात का? मग इथंच थांबायचं. आत फक्त ऑफिसची माणसं."

बाईंनी वहिनीच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला. एक एक बोट सोडवावं लागलं.

"नातेवाईक नाही," त्या म्हणाल्या. "मला बोलावलंय."

पहारेकऱ्यानं दोरी वर केली.