साठचे अडुसष्ट

ड्रायव्हिंग स्कूलच्या कचेरीत सोळा वर्षं काढून ताईंचं माणसांबद्दल एक पक्कं मत झालं होतं. शंभरातले नव्वद जण पडद्यावरची सूचना न वाचताच ‘ठीक आहे’ दाबतात, आणि उरलेले दहा दुसऱ्याला दाबायला सांगतात. मालक नव्वदांतले. मंगळवारी सकाळी ईमेलच्या प्रोग्रामने नवी, अडुसष्टावी आवृत्ती घ्यायची का म्हणून विचारलं, मालकांनी घेतली, आणि शेजारचं कॅलेंडर गायब झालं.

शाळेचा सगळा कारभार त्या कॅलेंडरात. कोणता शिकाऊ किती वाजता, कोणत्या गाडीत, कोणाची परीक्षा कधी. नऊ वाजता आवारात तीन गाड्या, तीन शिक्षक आणि अकरा शिकाऊ उभे, आणि कोणी कोणाबरोबर जायचं याचा कोणालाच पत्ता नाही. शिक्षक बॉनेटला टेकून गप्पा छाटत होते. काल कोणाला शिकवलं हे ज्यांना आज आठवत नाही, त्यांना आजचं काय विचारायचं, म्हणून ताईंनी विचारलंच नाही.

मालकांनी जावयाला बोलावलं. जावई ‘कॉम्प्युटरमधला’ होता. म्हणजे नक्की कशातला, हे लग्न ठरतानाही कोणी विचारलं नव्हतं. आल्या आल्या तो ताईंच्या खुर्चीत बसला, खुर्ची वरखाली केली, चार वेळा मशीन बंद-चालू केलं आणि कपाळावर आठी आणून म्हणाला, “गेलंय हे. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल.”

“पुसून?” ताई म्हणाल्या. “आणि पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा?”

“त्या काय, परत भरता येतील.”

“कोण भरणार? तुम्ही?”

जावई हसला. असं हसू ताईंनी रिव्हर्समध्ये भिंतीला धडकलेल्या माणसाच्या तोंडावर पुष्कळदा पाहिलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. ताईंनी खुर्ची आधी पुन्हा आपल्या उंचीवर आणली.

मग त्यांनी सकाळपासून कोणीही न केलेली गोष्ट केली. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलं. ‘हे ॲड-ऑन नव्या आवृत्तीशी जुळत नाही, म्हणून बंद केले आहे.’ ॲड-ऑन, म्हणजे प्रोग्रामला वरून जोडलेलं ते कॅलेंडर, मेलं नव्हतं, त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. इंटरनेटवर त्या ॲड-ऑनच्या पानाखाली लोकांच्या तक्रारींचा ढीग होता. बहुतेक नुसती रडगाणी. एका शहाण्याने मात्र दोन ओळींत लिहिलं होतं : ॲड-ऑन धडधाकट आहे, फक्त ‘साठाव्या आवृत्तीपर्यंत चालेल’ असं त्याच्या आत लिहून ठेवलंय, तो आकडा बदला.

ताईंनी सगळ्या तारखांची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. ॲड-ऑन म्हणजे फायलींचं एक बोचकंच. ते सोडलं, साठाचे अडुसष्ट केले, बोचकं पुन्हा बांधलं, प्रोग्राम उघडला. निळे, हिरवे, पिवळे चौकोन जागच्या जागी हजर. भिंतीवर दहा वाजले होते. पहिलाच पिवळा चौकोन : दहा चाळीसला नर्सबाईंची परीक्षा, गाडी दोन, दहा दहाला निघणे. नर्सबाई खिडकीबाहेरच उभ्या होत्या, रात्रपाळी करून थेट आलेल्या; परीक्षेची वेळ फक्त शाळेलाच कळवलेली, म्हणून वाट पाहत.

ताई हाक मारणार, तेवढ्यात मालक आणि जावई आत आले.

“बघा!” जावई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला. “मी जे केलं ना, त्याचा परिणाम दिसायला जरा वेळ लागतो.”

“वा, जावईबापू!” मालकांचा चेहरा फुलला. “ताई, शिका जरा.”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी अडुसष्टचे पुन्हा साठ केले. कॅलेंडर नाहीसं झालं. त्या उठल्या आणि खुर्ची जावयाकडे ढकलली.

“शिकते ना. करा.”

दारात शिक्षक जमले, मागून शिकाऊही. जावयाने मशीन बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “केबलचा प्रॉब्लेम असेल,” असं काहीतरी पुटपुटला. एक शिक्षक फिस्सकन हसला. ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“ताई, पुरे आता,” अखेर मालक खालमानेने म्हणाले.

ताईंनी आकडा बदलला तेव्हा दहा सव्वीस झाले होते. गाडी दोन सुसाट सुटली, पण परीक्षा केंद्र अर्ध्या तासावर होतं.

साडेअकराच्या सुमारास नर्सबाई परत आल्या. केंद्राने उशीर झाला म्हणून परत पाठवलं होतं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

“कॅलेंडर दहालाच सुरू झालं होतं ना?” त्यांनी विचारलं. “मी खिडकीतून पाहिलं.”

“हो,” ताई म्हणाल्या.

“माझं नाव दिसलं होतं?”

ताईंना खोटं बोलता आलं असतं. “दिसलं होतं.”

नर्सबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. टेबलावरची आपली कागदपत्रं गोळा केली, पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “त्या माणसाला निदान येत तरी नव्हतं.”

त्या निघून गेल्या. ताईंनी दुपारी केंद्राला चार फोन केले, गयावया केली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवली. कळवायला नर्सबाईंना फोन लावला, तर त्यांनी सांगितलं की नाव दुसऱ्या शाळेत घातलंय, आणि ठेवून दिला.