बापूजींची जीभ

टण्ण करून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि भोवऱ्यासारखं घुमत घुमत, शेवटी थरथरून निजलं.

त्र्याहत्तर सालातली भाद्रपदातली दुपार, त्यात रविवार. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या त्या दोन खोल्यांत इतका वेळ असं शांत होतं, की पुष्पलताला पुस्तकाचं पान उलटतानाही चोरी केल्यासारखं वाटत होतं. चोरीच होती ती. सासरे बाहेर बाजेवर, सासू आतल्या खोलीत पदर डोक्याखाली घेऊन, नवरा विश्वनाथ दाराशी वाऱ्याला, आणि पोरगी तिच्या कुशीत, असं सगळं घर निजवून तिने तासभर मिळवला होता. निदान पोरगी कुशीत आहे अशी तिची समजूत होती. हात फिरवून पाहिलं तर नुसती गोधडी.

सुजाता स्वयंपाकघरात उभी होती. जीभ हनुवटीला टेकलेली, डोळ्यांतून धारा, हातात कागदाची ओली पट्टी.

"आई, कागद चावला!"

"खाल्ला का वं?"

"नाही. मी चाटला, तर त्यानंच चावलं मले."

पुष्पलता धावली, पण लगेच तिला हसूही आलं. त्या पट्ट्या तिने कॉलेजातून आणल्या होत्या. ती एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय प्राणिशास्त्र, आणि सध्या धडा चालला होता तो आनुवंशिकतेचा. पट्ट्या एका औषधात बुडवून वाळवलेल्या. जिभेवर ठेवल्या की कोणाला कडूजहर लागतात, कोणाला नुसता कागद. ज्याला लागतात त्याला जन्मभर लागतात, आणि ते प्रत्येकाने आईबापाकडून आणलेलं असतं. घरातल्यांच्या जिभा तपासून या, असं सरांनी सांगितलं होतं. संध्याकाळच्या चहाच्या वेळी सगळ्यांना समजावून मग चाटायला द्यायचं, असा तिचा बेत होता. पण आता पोरीने भोंगा लावला, आणि घर उठलं.

"काय झालं वं? इच्चू हाय का?" सासू रुखमाबाई केस बांधतच आल्या.

"काही नाही आई. माझा कॉलेजातला कागद चाटला हिनं. कडू लागला."

"कागद आन कडू? आण इकडे." त्यांनी पट्टी जिभेवर ठेवली, मग चघळली, मग चावली. "हट्! कागदासारखा कागद. लाडावून ठेवली पोरगी."

"पाहू," म्हणत विश्वनाथने दुसरी पट्टी उचलली, जिभेला लावली, आणि तो मोरीकडे पळाला. "थू! जहर हाय जहर! काय आणतं वं तू घरात?"

"हा असाच," रुखमाबाई म्हणाल्या. "लहानपणापासून नखरेल. कारल्याची भाजी पाहिली का याले ड्युटी लागते."

कारल्याची भाजी हा रुखमाबाईंचा मानाचा विषय होता. कारलं चिरून, मीठ लावून, त्याचं पाणी पिळून टाकणाऱ्या बायांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. त्या पाणी पिळत नसत. चांगलं भाजीचं पाणी मोरीत ओतायचं, ही कसली रीत? तेल, कांदा, तिखट, आणि कारलं आहे तसं. आठवड्यातून दोनदा.

"तुम्ही पाहा बरं," त्यांनी बाहेर जाऊन बापूजींपुढे पट्टी धरली. "हे बापलेक दोघं नाचून राहिले."

बापूजी बाजेवर उठून बसले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पट्टी जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं.

"काय लागते?"

"काही नाही," बापूजी म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. "उकडून राहिलं आज."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून यमुताई आल्या. बापूजींची धाकटी बहीण. कोणाच्या घरातून मोठा आवाज आला आणि यमुताई आल्या नाहीत, असं कधी झालंच नव्हतं. त्यांनीही पट्टी चाटली, शी शी शी केलं, पदराने जीभ पुसली आणि पाट ओढून बसल्या. "सांग वं पुष्पा. हे काय होय?"

पुष्पलताला आता आवरेना. आजवर या घरात तिचा अभ्यास म्हणजे कोपऱ्यात झुकलेली मान. आज सगळे तोंड उघडं ठेवून तिच्याकडे पाहत होते. ती उभी राहून हात हलवत सांगू लागली. माणसाच्या अंगात जनुकं असतात. प्रत्येक गुणाची जोडी. एक आईकडून येतं, एक बापाकडून. नाक, डोळे, केसांचं वळण, सगळं त्यांच्यावर.

"आणि कडू लागण्याचं जनुक असतं ना, ते जबर असतं. जोडीत एक जरी असलं, तरी जिभेला कडू लागणारच. म्हणून लेकराला कडू लागत असेल, तर आईबापांतल्या एकाला तरी—"

ती थांबली. तोंड तसंच उघडं राहिलं.

"एकाले तरी काय?" यमुताईंनी विचारलं. मग रुखमाबाईंकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मोरीपाशी अजून चुळा भरणाऱ्या विश्वनाथकडे पाहिलं. "या दोघांले तं नाही लागत. मग आमच्या विसूले काहून लागते वं?"

"ते... ते अजून शिकवलं नाही."

"असं होय? माझ्या दिराचा विलास तेच शिकून राहिला. उद्या जेवायले येणार हाय माझ्याकडे. त्याले विचारीन."

"इकडेच आण त्याले जेवायले," रुखमाबाई मोकळ्या मनाने म्हणाल्या. "मी कारली करतो."

पुष्पलता जागच्या जागी बसली.

बी. एस्सी.साठी कॉलेजात नाव घालायला तिला याच बाईने लावलं होतं. पोर सात महिन्यांची असताना तिला कडेवर घेऊन रुखमाबाई म्हणाल्या होत्या, जा तू, माझ्या घरात कोणीतरी जाडं पुस्तक वाचते हे मले पायचं हाय. आणि त्या जाड्या पुस्तकाने आज काय वाचून दाखवलं? उद्या संध्याकाळी तो विलास, ताटावर बसून, चार माणसांत, हसत हसत सांगेल. यमुताई मग पूर्ण इंदोऱ्याला सांगतील.

ती रात्रभर उत्तर शोधत राहिली. सकाळी पोळ्या लाटताना तिला एकदम आठवलं: उत्परिवर्तन! जनुकाची नक्कल होताना कधी कधी चूक होते. जे आईबापांत नाही, ते लेकरात उगवतं. विश्वनाथच्या वेळी तसं झालं असेल! लाखात एखादं होतं म्हणे. मग त्यांचंच का नसेल झालं? बौद्धाच्या घरात देव नव्हते, नाहीतर त्या एका चुकीसाठी तिने नवस बोलला असता. लाटणं हातात धरून ती सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका न दिसणाऱ्या कणाची विनवणी करत होती: चूक रे बाबा, तेवढं एकदा चूक. पोळी नागपूर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली.

मग दुसरं सुचलं. तंबाखू! बापूजींच्या गालात दिवसभर तंबाखू-चुना. त्या जिभेला काय कळणार? तिने त्यांना चूळ भरायला लावली, मीठ चोळायला लावलं, पुन्हा चूळ. शेजारी रुखमाबाई पाण्याची बालटी घेऊन कौतुकाने उभ्या. बापूजींनी पट्टी ठेवली. भुवई हलली नाही.

"काही नाही," ते म्हणाले, आणि उरलेलं बालटीतलं पाणी प्यायले.

संपलं. पुष्पलताचा धीर सुटला.

दुपारी रुखमाबाई जरीपटक्याच्या बाजारात कारली आणायला गेल्या, सुजाताला घेऊन. पुष्पलता कॉलेज बुडवून दाराशी सूप घेऊन बसली होती. तूर निवडताना तुरीचा एक दाणा इकडे, तिच्यात मिसळलेला एक वाटाणा तिकडे, असे तिचे हात आपोआप मांडत होते.

"काय करून राहिली?" बापूजींनी विचारलं.

तिची सासऱ्यांपुढे असं काही बोलण्याची ही पहिलीच वेळ. पण दाणे होते, तोंडाने कमी बोललं तरी चालणार होतं. "बापूजी, तुरीचा दाणा म्हणजे कडू कळणारा. वाटाणा म्हणजे न कळणारा. प्रत्येकाजवळ दोन दोन. आईंजवळ दोन वाटाणे. तुम्हाला कडू लागत नाही, म्हणजे तुमच्याजवळही दोन वाटाणे." तिने मांडून दाखवले. "आईंनी एक द्यायचा, तुम्ही एक द्यायचा. पण यांच्याजवळ तर तुरीचा दाणा आहे. तो कुठून आला?"

"दुकानातून आणला असंन."

"बापूजी, तो दुकानात मिळत नाही. घरातूनच मिळतो."

"घरात नसला तं शेजारून..." बापूजी सहज म्हणाले, आणि तंबाखू चोळणारा त्यांचा अंगठा तळहातावर थांबला. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. "यमुना आज हे सगळ्यांसमोर विचारंन?"

पुष्पलताने मान खाली घालूनच हलवली.

बापूजी उठले. रस्त्याकडे डोकावले. दार लोटलं, कडी घातली.

"तुझी सासू लवकर तं नाही येणार? आण ती पट्टी."

त्यांनी ती जिभेवर ठेवली, आणि काय सांगावं! मिलमधून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा तो भारदस्त माणूस जागच्या जागी नाचू लागला. थू थू करत मोरीकडे गेला, परत आला, गूळ शोधू लागला, गुळाच्या डब्याऐवजी मिठाच्या डब्यात हात घातला, पुन्हा मोरीकडे गेला. "आई वं! बाप्पा बाप्पा! काल दोनदा गिळलं मी हे!"

"काल दोनदा नाही, काल एकदा, आज एकदा," पुष्पलता म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. तुरीचा दाणा सापडला होता! घरातच होता! तिला त्या पांढऱ्या मिशांचा मुका घ्यावासा वाटला. "पण बापूजी, काहून सांगितलं नाही?"

"कसं सांगू वं?" ते गूळ चघळत भिंतीला टेकले. "तुझी सासू लग्न होऊन आली तं पहिल्यांदा कारलं केलं तिनं. समोर बसून राहिली, एकटक पाहत. मी म्हटलं, झकास. आणखी वाढ म्हटलं. बस. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा. आता ह्या कागदाले कडू म्हटलं असतं, तं तिनं लगेच विचारलं असतं, मग कारलं?"

"आता मग?"

बापूजी सुपातला तुरीचा दाणा उचलून बोटांत फिरवत बसले. बाहेर सुजाताचा आवाज ऐकू आला तेव्हा त्यांनी कडी काढली.

संध्याकाळी पंगत बसली. चष्मेवाला विलास, यमुताई, विश्वनाथ, बापूजी. रुखमाबाईंनी प्रत्येकाच्या ताटात हिरवीगार कारली वाढली. विलासने पहिला घास घेतला आणि त्याचा चष्मा धुरकटला. यमुताईंनी घसा खाकरला.

"विलास, तुले एक विचारायचं होतं गा. आईबाप दोघांले कडू लागत नसलं—"

"पुष्पा," बापूजी म्हणाले, "पट्टी आण."

सगळ्यांसमोर त्यांनी ती जिभेवर ठेवली. या वेळी तोंड मिटलं नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे थुंकले आणि म्हणाले, "जहर! काल बी जहर होतं, सकाळी बी जहर होतं. ऐकलं, यमुने?"

रुखमाबाईंच्या हातातला झारा हवेत राहिला.

"आन कारलं?" त्यांनी हळूच विचारलं.

बापूजींनी बायकोकडे पाहिलं. मिलमध्ये संपाच्या दिवसांत लाठ्या खाल्ल्या तेव्हाही ते इतके घाबरले नसतील. "ते बी."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या घासापासून."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमाले जहर चारून राहिली, आन तुम्ही आणखी वाढ, आणखी वाढ म्हणून राहिले?"

"एकदा म्हटलं होतं. मग मागं कसं घेऊ? तू पाहून राहिली होती ना."

रुखमाबाई झारा घेऊनच खाली बसल्या. त्यांचे खांदे हलू लागले. पुष्पलता धावली, पण त्या रडत नव्हत्या. त्या हसत होत्या, आवाज न फुटता, पोट धरून. मग आवाज फुटला आणि विश्वनाथ, विलास, पोरगी, सगळं घर त्यात वाहून गेलं. विलास हसता हसता म्हणत होता, मग तर बरोबर जमते, अगदी पुस्तकातल्यासारखं जमते! यमुताईंनी नाराजीने पाण्याचा घोट घेतला आणि शेवटी त्यांनाही ठसका लागला.

भांडी उचलताना पुष्पलताने सासूचा हात धरला. "आई, मी काल फार भ्यायली होती."

"पाहिलं मी. पोळ्या पाहिल्या ना सकाळच्या." रुखमाबाईंनी डोळे पुसले. "यमुताई काय म्हणून राहिली, ते मले तवाच समजलं होतं वं. मी काय येडी हाय? पण मले तं माहीत होतं ना, मी कोण हाय ते. मी म्हटलं, कागद चुकला असंन. सुधरंन आपोआप." आणि त्यांनी कढईत उरलेलं कारलं बोटांनी उचलून आनंदाने तोंडात टाकलं. "मस्त झालं होतं पण."

सुजाता आजीच्या गुडघ्याला टेकून हे पाहत होती. आजी डोळे मिटून चघळत होती. पलीकडे बापूजी गुळाचा खडा चोखत होते. तिने कढईतली एक हिरवी चकती उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, दिव्यासमोर धरली, कानाला लावली, आणि ती तशीच हातात घेऊन आईकडे आली.

"आई, कोणीच खात नसलं, तेव्हा कारलं कसं लागते?"