हरणासाठी डुकराची गोळी

"नऊ पूर्णांक तीनची द्या. एक पेटी," ब्रोकमान म्हणाले.

मालिनीचा हात कपाटाच्या किल्लीवरच थांबला. "डुकरासाठी ना?"

"नाही. रेहसाठी."

रेह म्हणजे इथलं लहानखुरं हरीण, जेमतेम शेळीएवढं. आणि नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरची गोळी म्हणजे शंभर किलोच्या रानडुकराला आडवं करणारी. हॅनोव्हरजवळच्या या गावातल्या शिकारीच्या दुकानात, काडतुसांच्या काउंटरवर मालिनी देवधरला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आली, मिळालं ते काम धरलं, त्यासाठी रीतसर परीक्षाही दिली. जन्मात कधी अंडं न खाल्लेली ही बाई, कुठल्या जनावराला कुठली गोळी, हे झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

ते तिला शिकवलं होतं ब्रोकमान यांनीच. जंगलखात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ पहिल्या वर्षी दुकानात गर्दी नसली की काउंटरवर कागद ओढून चित्रं काढत बसायचा. रेहची कातडी पातळ, फासळ्या नाजूक; तिथे गोळी आत शिरताच उमलली पाहिजे. डुकराच्या खांद्याला चरबी आणि जाड हाड. तिथे ती न फुटता खोल गेली पाहिजे. सशाला तर गोळी नकोच, छर्रे पुरे. "आणि एक लक्षात ठेवा, फ्राउ देवधर, नेम चुकला तर मोठी गोळी त्याची भरपाई करत नाही."

आता तोच माणूस समोर उभा राहून हे मागत होता.

"हेर ब्रोकमान, अर्धं मांस वाया जाईल."

"जाऊ दे." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "गेल्या महिन्यात गोळी लागूनही दोन पळाली. एक दुसऱ्या दिवशी सापडलं. जिवंत होतं. खालचा जबडा नव्हता." मग एकदम चिडून म्हणाले, "तुमच्या त्या नव्या तांब्याच्या गोळ्या बेकार आहेत!"

मालिनीने पेटी पुढे ठेवली. त्यांनी ती उचलून पार नाकाशी नेली, उजेडाकडे फिरवली. "वजन किती लिहिलंय?"

आकडा बोटभर मोठा होता.

"साडेअठरा ग्रॅम," ती हळूच म्हणाली, आणि "आलेच" म्हणून आत मालकाकडे गेली.

मालकाने मानही वर केली नाही. "परवाना चालू आहे ना त्यांचा? मग झालं. आपण काय डोळ्यांचे डॉक्टर आहोत?"

तिने पेटी विकली.

"परवान्याच्या ऑफिसला कळव ना सरळ," त्या दिवशी जेवताना तिचा नवरा देवदत्त म्हणाला.

"अहो, कळवलं तर सगळ्या रायफली उचलून नेतील. बायको गेली त्यांची. दुसरं आहे काय त्या माणसाकडे?"

"मग नको कळवूस."

"आणि ते जबडा नसलेलं हरीण?"



गुरुवारी तिने ऑफिसला फोन लावला. पलीकडून बाईने विचारलं, "कुणाबद्दल बोलताय?" मालिनीच्या तोंडून नाव फुटेना. तिने फोन ठेवला, आणि ब्रोकमान यांनाच लावला. "मी कधी शिकार पाहिली नाही. शनिवारी येऊ का तुमच्याबरोबर?" शेजारी बसून कदाचित बोलता येईल, असं तिला वाटलं.

"अकरा वर्षांनी आठवण झाली होय!" ते लहान मुलासारखे हसले.

शनिवारी दुपारी चारला ते मचाणावर चढले. ब्रोकमान न चाचपडता चढले. प्रत्येक पायरी त्यांच्या पायांना पाठ होती. रायफल भरून त्यांनी मांडीवर घेतली. डोळ्यांबद्दलचं वाक्य मालिनीने गाडीत दहादा घोकलं होतं. आता जीभ उचलेना.

अर्ध्या तासाने झाडीतून रेहची मादी बाहेर आली. साठ पावलांवर, अगदी उघड्यावर. ब्रोकमान यांची नजर नेमकी तिच्यावरच होती, पण कोऱ्या भिंतीवर असावी तशी.

"काही दिसतंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही," मालिनी म्हणाली.

वारा समोरून येत होता. वाळलेली काडी मोडल्याचा आवाज आला. ब्रोकमान यांनी मान किंचित कलती केली.

"एकटी आहे, की पिल्लू आहे बरोबर?"

"पिल्लू आहे."

"केवढं?"

"आईच्या पोटाला लागेल एवढं. रंग करडा व्हायला लागलाय."

"ऑक्टोबर ना." रायफल मांडीवरून हलली नाही. "सांगत राहा."

ती सांगत राहिली. आईने कान टवकारले, पिल्लू लुचायला गेलं, आईने त्याला ढकललं, दोघं ओढ्याच्या कडेने सरकत गेली. झाडीत दिसेनाशी झाली, तेव्हा तिचं बोलणं संपलं. पुढच्या शनिवारी काय, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

ब्रोकमान यांनी बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी केली. जाडजूड काडतूस तळहातावर पडलं. ते ठेवायला कोटाचा खिसा शोधताना बोटं दोनदा कापडावरूनच घसरली. मालिनीने पुढे केलेला हात मागे घेतला.

"मी आधी उतरतो," काडतूस खिशात गेल्यावर ते म्हणाले. "तुम्ही मागून या, फ्राउ देवधर. पायऱ्या ओल्या आहेत."