काल्हेरच्या गाळ्यातली चांदणी

"गो बाय, कोपर काढ ना तुझं. पोटात लागतंय."

"मग पोट घेऊन मागं उभी ऱ्हा की. पुढं कशाला घुसतेस?"

"मागं राहिले तर चांदणी मांडीवर मिळेल कधी? भगतबाबा दुपारी जेवायला उठतात ना!"

माझ्या नाकासमोर उभ्या असलेल्या या दोघी गरोदर होत्या. त्यांच्या पुढं आणखी कितीतरी होत्या, आणि त्यांच्या सासवा, नणंदा, शेजारणी. २००५ सालचा उन्हाळा. भिवंडीजवळच्या काल्हेरला आमच्या घरचा गोदामाचा एक गाळा भाडेकरूविना पडला होता. कापडाचे तागे जिथं थप्पीला लागायचे तिथं आता झेंडूच्या माळा होत्या. मधोमध पाळणा आणि पाळण्यात माझ्या पुतण्याची, हितेशची, तीन महिन्यांची मुलगी. तिला घरात कोणी नावानं हाक मारत नव्हतं. सगळे म्हणायचे, चांदणी.

कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या मध्ये पांढरट ठिपका होता. केसरीनाथ भगतानं बारशाला तो पाहिला आणि पाटावरून उडीच मारली. "बाळाराम, तुझ्या घरात आई उतरली रं! डोळ्यांत चांदणं घेऊन आली!" बाळाराम म्हणजे माझे मोठे दीर. जमिनी विकून पैसा आला होता, मान यायचा राहिला होता. देवीच घरात आली म्हटल्यावर तोही आला. त्यांनी गाळा भगताला देऊन टाकला, आणि पोटातल्या जिवाला आशीर्वाद मिळावा म्हणून गरोदर बायका चांदणीला मांडीवर घ्यायला रांग लावू लागल्या.

"वाजवा!" भगत ओरडला.

दोन ढोल पाळण्याच्या अगदी कडेला बडवले गेले. पत्र्याचं छप्पर थरथरलं, एका म्हातारीनं कान झाकले. पोर हलली नाही. पापणीसुद्धा नाही.

"बघा! बघा समाधी! दुनियेचा गोंगाट आईपर्यंत पोचत न्हाय. तिला ऐकू येतो फक्त भगताचा शबुद!" मग तो पाळण्याच्या डाव्या अंगाला गेला. आरतीच्या ताटात कापराची ज्योत भडकलेली. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत अंधार. "चांदणीमाते, लेकराकडं बघ!"

आणि पोरीनं मान वळवली. हळूच, पण थेट त्याच्याकडं.

बायकांच्या तोंडून 'आई गो' निघालं ते अख्ख्या गाळ्यात फिरलं. बाहेर माल उतरवणारे ड्रायव्हरही शटरखालून वाकून हात जोडत होते. "माताजी है, माताजी!"

माझी मोठी जाऊ हौसा माझ्या शेजारी उभी होती. तिनं डोळे पुसले. मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं पटकन पदर सावरला आणि म्हणाली, "गुणी हाय माझी नात. शांत हाय."

शांत. घरात हाच शब्द चालायचा. कुकरची शिटी झाली तरी शांत, फटाके वाजले तरी शांत. त्याच्यापुढचा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. मीही नाही.

एका दुपारी दिपाली, पोरीची आई, माझ्याकडं आली. पोरीला मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "रंगूकाकी, हिच्या डोळ्यांत मी दिसत न्हाय. कोणच्याबी बाळाच्या डोळ्यांत आपण दिसतो ना, बारकं? हिच्यात फक्त पांढरं हाय."

नेमकी वीज गेली, बिनखिडकीच्या खोलीत अंधार झाला. आमच्याकडं ती जाते, त्यात नवल नाही. मी फळीवरची टॉर्च लावली आणि पोरीनं मान वळवली. मी तोंडातून ब्रही काढला नव्हता. टॉर्च उजवीकडं नेली, मान उजवीकडं. विझवली आणि तिच्या कानामागं स्टीलचं ताट आपटलं. दिपाली दचकली, पोर नाही.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते रद्दीतून आलेल्या पुस्तकांतून. पण एवढं कळायला पुस्तक लागत नाही. भगताचा शबुद कापराचा होता.

दुसऱ्या दिवशी पोरीला डोस द्यायचाय असं घरी सांगून आम्ही भिवंडीत लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. डॉक्टर ललिता उबाळे. दवाखाना घरातच. हौसा एकदा तिथं आली होती तर चहाला हात लावला नव्हता, आमच्या घरात अजून जातीचं असलं पाळतात. त्याच हौसानं भगताच्या भाचीचा उष्टा पेढा मात्र सुनेच्या तोंडात कोंबला होता. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आदल्या वर्षी गावात पोरांच्या अंगावर लाल पुरळ उठलं. आमच्याकडं पुरळ उठलं की आई आली म्हणतात. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि आजारी पोराला औषधाऐवजी नमस्कार. भगतानं यात आपली कलाकुसर घातली. स्वतःच्या भाचीला, अंगभर पुरळ आणि नाक वाहत असताना, चौरंगावर बसवलं. ज्यांना नुकते दिवस गेलेत त्या बायकांनी यायचं, तिची ओटी भरायची. मग ती पोर पेढा अर्धा खाणार आणि उरलेला बाईच्या तोंडात घालणार. "पोटातल्या जिवाला आईच्या तोंडचा घास!" दिपालीला दुसरा महिना होता. तिनं ओठ घट्ट मिटले होते. हौसानं हनुवटी धरून उघडायला लावले.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, छातीला बराच वेळ नळी लावली. मग दिपालीला विचारलं, "सुरुवातीच्या महिन्यांत तुझ्या अंगावर पुरळ आलं होतं? बारीक, दोन-तीन दिवसांत गेलेलं? कानामागं गाठी?"

दिपालीनं होकाराची मान डोलावली. "सासूबाई खूश झाल्या. बोलल्या, आईनं हात फिरवला."

"तो जर्मन गोवर होता. रुबेला म्हणतात. लहान पोरांना चार दिवस ताप, बस. पण दोन-तीन महिन्यांच्या गर्भाला तो विषाणू गाठतो तेव्हा डोळे, कान, हृदय घडत असतं. हे चांदणं नाही गं, मोतीबिंदू आहे. रक्त तपासून खात्री करू. हृदयाचं मुंबईला पाहून घेऊ, आणि कानांचं..."

"डॉक्टरताई, तो शबुद नका बोलू," दिपाली म्हणाली.

बाईंनी नळी काढून ठेवली. "बरं. पण डोळ्यांचं ऑपरेशन लांबवू नका. बाळाचा मेंदू याच दिवसांत बघायला शिकतो. नंतर पडदा काढून उपयोग होत नाही. आणि आणखी एक. अशा बाळाच्या लाळेत, लघवीत हा विषाणू वर्षभरसुद्धा राहतो. हिला गरोदर बाईच्या मांडीवर देऊ नका."

गाळ्यात रांगेनं बायका हिलाच तर घेत होत्या, मांडीवर.

आम्ही घरी सांगितलं. बाळाराम दीर ताटावरून उठले. "डोळं कापायचं? आई निघून जाईल! भगतबाबांनी बजावलंय." हितेश मोबाइलची बटणं दाबत बसला. हौसानं पोरीचं झबलं दोनदा घडी करून पुन्हा उलगडलं.

मी मोठ्या मनाची बाई नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला समजवायचं नाही. याला त्याच्याच गाळ्यात, त्याच्याच गर्दीसमोर नाचवायचं.

पुढच्या मंगळवारी मोठी पूजा होती; तोवर दिपालीनं तापाचं निमित्त करून पोर गाळ्यात नेली नाही. हौसाची मुलगी करिष्मा अकलोलीच्या सासरहून येणार होती, दुसरा महिना लागलेली. हौसानंच बोलावलं होतं, पहिला मान लेकीचा म्हणून. मी डॉक्टरीणबाईंना साधी साडी नेसून बायकांत बसायला सांगितलं. करिष्माला कानात सांगितलं, "पोरीला हात लावू नको, मी सांगेपर्यंत भिंतीला टेकून ऱ्हा." ती म्हणाली, "काकी, घाबरवता काय?" मी म्हटलं, "हो."

ढोल झाले. समाधी झाली. भगत ताट उचलणार तोच मी पुढं झाले. "भगतबाबा, घरची बाई आहे मी, आज आरतीचा मान मला द्या. तुम्ही नुसती हाक मारा. आईला तुमचाच शबुद ऐकू येतो ना?"

त्याचा हात ताटावर घट्ट झाला. पण बायका म्हणाल्या, "द्या की, घरची हाय!" चारचौघींत नाही म्हणता येईना.

भगत डावीकडं गेला. मी ताट घेऊन उजवीकडं.

"चांदणीमाते, लेकराकडं बघ!"

पोरीनं माझ्याकडं बघितलं.

"आईला खेळ सुचतोय आज," भगत हसला आणि झरझर उजवीकडं आला. मी डावीकडं गेले. "माते! इकडं!" पोर ज्योतीकडं वळली. तो पायथ्याशी, मी उशाशी. तो माझ्यामागं, मी पुढं, पाळण्याभोवती आम्ही फुगडीच घातली म्हणा ना! मागून एक म्हातारी फिसकन हसली. "भगताला कापूर पायजे वाटतं, आई न्हाय." मग सगळाच गाळा हसला.

"आई रुसली! हिच्या हाताला विटाळ हाय!" भगत किंचाळला.

मी ताटावर पाण्याचा तांब्या उपडा केला. कापूर विझला, अंधार झाला. "मारा हाक." त्यानं घसा फाटेस्तोवर मारली. पोर वर बघत पडून राहिली. तेव्हा दिपाली उठली. तिनं दोन्ही हातांनी शटर धाडकन वर ढकललं. ऊन आत आलं, ट्रकच्या टपांवरून चमकत. आणि तिची पोर भगताकडं पाठ करून उजेडाकडं वळली.

त्या क्षणी मला काय गोड वाटलं म्हणून सांगू. पाप लागत असेल तर लागो.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. सांगितलं की हे डोळे कशानं असे झाले, तो उष्टा पेढा काय होता, आणि ज्यांनी या बाळाला मांडीवर घेतलंय त्या सगळ्यांनी येऊन रक्त तपासून घ्या. सगळ्यांनाच बाधेल असं नाही, लहानपणी हा गोवर होऊन गेला असेल तर भीती नाही. पण तपासा. रांगेतल्या त्या दोघी, कोपरवाली आणि पोटवाली, आता एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या.

शेवट सांगण्याआधी मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत. देवीला नमस्कार करा, माझी तक्रार नाही. पण पुरळ उठलेल्या पोरापाशी गरोदर बाईला नेऊ नका. लेकींना लग्नाआधी या रोगाची लस मिळते, ती विचारा. पोटात मूल असताना ती घेत नाहीत, म्हणून आधीच विचारा. आणि कोणी आजाराला चमत्कार म्हणाला तर त्याच्या हातातलं ताट काढून घ्या आणि मग काय होतं ते बघा.

भगत अजून हरला नव्हता. अशी माणसं घरातली भेग बरोबर ओळखतात. तो हौसाकडं वळला. "हौसाबाय, या बाया काय पण बोलतील. तू बोल. आई हाय का न्हाय तुझ्या घरात? असेल तर उचल चांदणी आणि दे करिष्माच्या मांडीवर. नसेल तर सांग लोकांना, बाळाराम पाटलाच्या घरात काय जन्माला आलंय ते!"

बाळाराम दीर पुढं सरकले. "दे गो हौसा. गावात नाव जाईल."

करिष्मा भिंतीला चिकटलेली. तिनं आईकडं पाहिलं.

हौसानं पोरीला उचललं. ती करिष्माकडं गेली नाही. पाळण्याच्या कडेचा पेढ्यांचा पुडा तिनं डाव्या हातानं घेतला, भगताच्या पुढ्यात आली आणि त्यातला एक पेढा त्याच्या मिटलेल्या ओठांवर दाबला. हनुवटी धरून. जशी तिनं सुनेची धरली होती, तशीच.

"खा," ती म्हणाली. "उघड तोंड. माझ्या सुनेनं उघडलं होतं."

मग तिनं गर्दीकडं तोंड केलं. तिचा आवाज ढोलापेक्षा मोठा झाला.

"माझी नात चांदणी न्हाय. ती बहिरी हाय. ती आंधळी हाय. आणि तिला तसं या भगतानं आणि मी केलंय."