सातव्या चित्रपटाविषयी जुन्या मुखवट्याचे म्हणणे

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. डोळ्यांच्या जागी दोन भोके, तोंडाच्या जागी एक फट आणि आत कोणीच नाही, अशी आज माझी दशा आहे. पण एके काळी मी दिसलो की माणसे बाकांवर उभी राहून शिट्ट्या मारत. मी मुखवटा आहे, व्हेराक्रूझ बंदरातल्या एका मल्लाचा.

मला आबुंदियोने शिवले. तो मल्लांचे बूट शिवायचा आणि बुटांपेक्षा मुखवटे बरे शिवायचा. निळे साटीन, कपाळावर पिवळ्या कापडाचा दिवा आणि दिव्यातून गालांवर उतरणारे किरण असे माझे रूप होते. ज्याच्यासाठी मला शिवले, तो निकानोर गोदीत हमाली करायचा. आठवडाभर पोती वाहायची आणि रविवारी आखाड्यात उतरायचे. आखाड्यात त्याचे नाव एल फारेरो, म्हणजे दीपगृहाचा राखणदार.

मला त्याच्या डोक्यावर चढवून आबुंदियोने मागची नाडी आवळली आणि बजावले, "हे बघ निकानोर, आजपासून तुला दोन चेहरे. हा दाखवायचा, तो लपवायचा. हरलास तरी चालेल, हाड मोडलं तरी चालेल. पण चारचौघांत कुणी हा ओढून काढला, तर तू संपलास. मग खुशाल पोती उचल जन्मभर."

 निकानोर फार घाबरला होता. त्याचा घाम पहिल्याच दिवशी माझ्या अस्तरात उतरला.

पुढे राजधानीतून चित्रपटवाले आले आणि फारेरोचे सहा चित्रपट निघाले. त्यांत आम्ही चाचे बडवले, बुडालेल्या जहाजांतली भुते बडवली आणि आठ पायांच्या एका रबरी राक्षसाला बडवताना त्याचा एक पाय आमच्याच हातात आला. ते दृश्य तसेच ठेवले गेले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. निकानोरचा आवाज किरटा होता, नाकातून येणारा. म्हणून पडद्यावर रेडिओवरच्या एका नटाचा खर्जातला आवाज घातला होता. गावातली पोरे तोच आवाज काढत गल्लीबोळांतून हिंडायची.

सहाव्या चित्रपटाच्या शेवटी वादळात सापडलेल्या होड्यांना वाट दाखवायला फारेरो हातात दिवा घेऊन समुद्रात चालत गेला. तो परतला का, हे कोणालाच कळले नाही. कारण त्यानंतर ती चित्रपट कंपनीच बुडाली.

निकानोरने मला आबुंदियोच्या हाती लाउरो न्हाव्याकडे पाठवले. "फारेरोनं सांगितलंय, जपून ठेव," एवढाच निरोप. लाउरोने मला काचेच्या पेटीत घातले आणि दुकानातल्या आरशाच्या वर टांगले. दर शनिवारी तिथे चाहत्यांचा अड्डा भरू लागला. मासळीबाजारातली फिदेन्सियाबाई यायची, शाळेतले क्रिस्पिन मास्तर यायचे आणि चार-दोन गोदीतली माणसेही. मास्तर आणि लाउरो यांची मैत्री अशी, की लाउरोच्या लेकाच्या बाप्तिस्म्याला मास्तरच धर्मपिता म्हणून उभे राहिले होते. सगळे मिळून सहाही चित्रपटांतली वाक्ये तोंडपाठ म्हणायचे आणि निघताना पेटीला दोन बोटे टेकवायचे.

आणि मित्रांनो, दर महिन्याला त्याच दुकानात निकानोर केस कापायला यायचा!

माझ्या बरोबर खाली, आरशासमोरच्या खुर्चीत तो बसायचा. केस पिकले होते, मान वाकली होती, पण ते डोके मी विसरणार होय? लाउरोच्या लेखी तो गोदीतला एक निवृत्त, अबोल हमाल होता. "काय निकानोर, मागून बारीक करू?" "कर." संपले संभाषण. जाताना तो आरशात क्षणभर माझ्याकडे पाहायचा. वर्षानुवर्षे असेच चालले आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हते.

मग एका वर्षी ऐन उन्हाळ्यात तो आलाच नाही. बऱ्याच दिवसांनी आला तो रापलेला, लंगडत, आणि एकटा नव्हता. दारात एक रुंद खांद्यांचा तरुण त्याची वाट पाहत उभा होता. केस कापून होईपर्यंत त्या तरुणाने माझ्यावरून नजर काढली नाही. त्याच आठवड्यात क्रिस्पिन मास्तर धापा टाकत आले आणि त्यांनी एक भित्तिपत्रक उलगडले. 'फारेरो परत येतोय!'

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

भित्तिपत्रकावरचा तो मुखवटा पाहिलात तर तुमच्याही मनात ती चुकचुकली असती. अंगाला चिकटणारे चकचकीत कापड. कपाळावर शिवलेला दिवा नव्हताच, नुसता रंगवलेला. आणि मागे नाडीच्या जागी चेन! पँटीला असते तशी चेन! त्या मुखवट्याच्या आत निकानोरचे डोके नव्हते, हे मी पैजेवर सांगितले असते. मग कोणाचे होते? दारातल्या त्या तरुणाचे? निकानोरने आमचे नाव विकले की काय?

पहिल्या दिवशी लाउरो मला पेटीसकट मांडीवर घेऊन टॉकीजमध्ये बसला. नवा फारेरो समुद्रातून बाहेर आला तेव्हा अख्खे टॉकीज उठून उभे राहिले. मग तो मोटारसायकलवर बसला आणि निम्मे लोक खाली बसले. पुढे राजधानीत मारामाऱ्या, काचेच्या इमारती, एक गाणे. शेवटी आपले जुने दीपगृह पडीक झालेले पाहून तो पायरीवर बसला आणि चक्क रडला. मागून कोणीतरी शेंगांची टरफले फेकली. पुढच्या रांगेतल्या पोरी मात्र मुसमुसत होत्या. एक म्हातारा तर त्याच दृश्याला शिट्टीही मारत होता आणि डोळेही पुसत होता.

शनिवारी दुकानात रणकंदन माजले.

"स्वस्तातली मुशी कापून महागडी तांबोशी म्हणून विकायला बसलेत मेले!" फिदेन्सियाबाई कडाडली. "फारेरो रडतो? सहा चित्रपटांत टिपूस काढलं नाही त्यानं. आणि खांदे बघितलेत? आपल्या फारेरोचा डावा खांदा खाली असतो."

"अहो बाई, तो रडला म्हणूनच तर मला आवडला," मास्तर म्हणाले. "एवढी वर्षं समुद्रात काढून माणूस घरी येतो आणि घर पडलेलं बघतो. हसेल का तो?"

"मास्तर, तुम्हाला काहीही आवडतं. उद्या मोटारसायकललाच मुखवटा घातला तरी टाळ्या वाजवाल."

"मग काय त्याला जन्मभर समुद्रातच ठेवायचं? तुम्हाला फारेरो नकोच आहे, तुम्हाला तुमचं तरुणपण परत हवंय!"

हे लाउरोला झोंबले. "क्रिस्पिन, तोंड सांभाळ! ज्याला आपलं आणि परकं कळत नाही, त्याला मी माझ्या लेकाच्या बाप्तिस्म्याला उभं केलं. माझीच अक्कल गहाण पडली होती."

 मास्तरांनी टोपी उचलली, सवयीने पेटीला टेकवायला दोन बोटे वर नेली, तशीच खाली घेतली आणि ते निघून गेले. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यात बातमी आली की नवा फारेरो स्वतः आमच्या टॉकीजच्या रंगमंचावर येणार. तो यायच्या दिवशीच फिदेन्सियाबाईने दुकानात येऊन बेत सांगितला. तेव्हा खुर्चीत निकानोर बसला होता, गळ्याभोवती पांढरे कापड लपेटून.

"आपण पुढच्या रांगेत बसायचं," ती म्हणाली. "तो हात हलवायला लागला की वर चढायचं आणि चेन ओढायची. सर्रकन! बघू दे गावाला कोण कुठला भामटा आहे तो."

"ओढूच," लाउरो म्हणाला. "खऱ्या फारेरोचं मीठ खाल्लंय आपण."

"खरा बिचारा कधीच मेला असणार," बाई निघता निघता म्हणाली. "नाहीतर पैसे घेऊन गप्प बसला असेल. असल्या माणसांचा काय भरवसा?"

मी वरून पाहत होतो. पांढऱ्या कापडाखाली निकानोरच्या हातांच्या मुठी वळल्या होत्या. मला अजूनही कळत नव्हते, की हा राग आहे की चोरी उघडी पडल्याची लाज.

बाई गेली. कात्री चालू होती. अर्धे डोके झाले होते, तेवढ्यात निकानोर म्हणाला, "लाउरो, ती पेटी खाली काढ."

"कशाला रे?"

"माझी आहे."

लाउरो हसला. मग त्याने आरशात पाहिले. त्या डाव्या खांद्याकडे. त्याच्या हातातली कात्री खाली पडली. इतकी वर्षे ज्या मानेवर तो वस्तरा फिरवत होता, ती मान कोणाची हे त्याला आत्ता कळले. तो स्टुलावर चढला, पेटी उघडली आणि मला पुढे केले. मग पटकन वळून भिंतीला तोंड लावून उभा राहिला.

"घाला," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने निकानोरला अहो-जाहो केले. "मी बघत नाही. मी काही बघितलंच नाही."

निकानोरने मला चढवले. घाईत नाडीला कशीबशी एक गाठ मारली आणि आम्ही निघालो. मागून लाउरो दुकान उघडे टाकून धावत आला.

टॉकीजमध्ये गोंधळ उसळला होता. रंगमंचावर तो चकचकीत मुखवटा उभा होता आणि समोर लोक ओरडत होते, "चेहरा दाखव! चेहरा दाखव!" दोन-तीन जण वर चढलेही होते. निकानोर मधल्या वाटेने लंगडत पुढे गेला. ज्यांना आम्ही दिसलो ते गप्प होत गेले. ती शांतता आमच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत आली आणि वर चढलेले लोक खाली उतरले.

तो त्या तरुणाच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "या पोराला मी निवडलंय. चालायचं कसं, पडायचं कसं, हे सगळा उन्हाळा मी त्याला शिकवलं. त्यात माझा गुडघा गेला. कुणाला मुखवटा ओढायचा असेल तर आधी माझा ओढा."

माझा संशय तिथल्या तिथे विरघळला. पण मित्रांनो, लोकांचा दुप्पट झाला! कारण तो किरटा आवाज.

"हा आवाज फारेरोचा?" कोणीतरी खिदळले. "हा तर सर्दी झालेला कोंबडा!"

"एक भामटा कमी होता, म्हणून दुसरा आणलाय!"

खाली उतरलेले लोक पुन्हा वर सरकू लागले. मी सगळे जाणत होतो आणि मला बोलता येत नव्हते. मुखवट्याच्या फटीतून दुसऱ्याचाच आवाज यायचा असतो. ते दुःख मला त्या दिवशी जितके जाणवले तितके कधीच नाही.

तेवढ्यात लाउरो बाकावर चढला. "हा मुखवटा माझ्या पेटीतला आहे. मी माझ्या हातानं काढून ह्यांच्या हातात दिलाय. का दिला ते मी सांगणार नाही, मेलो तरी सांगणार नाही. पण ज्याला माझ्या शब्दाचा भरवसा नाही, त्यानं उद्यापासून माझ्या वस्तऱ्याखाली मान देऊ नये!"

पुरुषांनी नकळत गळ्यांवरून हात फिरवले. मागच्या रांगेतून मास्तरांचा आवाज आला, "मला आहे भरवसा." लाउरोने वळून तिकडे पाहिले.

"मला नाही वस्तऱ्याची भीती," फिदेन्सियाबाई म्हणाली. पदर नसला तरी खोचल्यासारखा हात कमरेला लावून ती रंगमंचावर आली. निकानोरच्या भोवती एक चक्कर मारली. खांदा पाहिला. माझे साटीन चिमटीत धरले. तिच्या बोटांना मासळीचा वास होता. मग ती मागे गेली आणि तिचा हात नाडीवर आला. घाईतली ती गाठ आधीच सुटत आली होती. एक झटका पुरला असता.

"ओढ, बाई! ओढ!" टॉकीज गरजले.

निकानोर हलला नाही. शेजारचा तरुण पुढे झाला, तर निकानोरने हातानेच त्याला थोपवले.

मला वाटले, संपले. आणि मग मला नाडी आवळल्यासारखी वाटली. एक गाठ. तिच्यावर दुसरी. जाळे बांधणाऱ्या बायका मारतात तशी, कधीही न सुटणारी.

"सुटत होती," ती त्याच्या कानाशी हळूच म्हणाली. मग लोकांकडे वळून तिने दरडावले, "काय बघताय? बसा खाली! आणि हे बघा, गाठ मारली म्हणजे मला चित्रपट आवडला असं नाही. चित्रपट टुकारच आहे!"

"निम्मा मलाही नाही आवडला," निकानोर त्या किरट्या आवाजात म्हणाला.

त्यावर जो हशा पिकला, त्यात चिडलेली माणसेही सापडली. सगळी नाही. काही जण निघून गेले आणि बंदरावर आजही सांगत फिरतात की ते दोघेही तोतये होते. सांगू देत. लाउरो आणि मास्तर आता पुन्हा शनिवारी भांडतात, पण एकाच बाकावर बसून, एकाच किटलीतली कॉफी पीत.

आता मी निकानोरच्या घरी खिडकीजवळ असतो. नवा फारेरो, त्याचे नाव तादेओ, रविवारी येतो. आठव्या चित्रपटाच्या गोष्टी चालतात. मला त्या आठव्याचा काही भरवसा वाटत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मित्रांनो, आवडत्या गोष्टीचा पुढचा भाग आला की संशय जरूर घ्या. नाक मुरडा, भांडा, टरफलेही फेका. पण कोणाच्या मुखवट्याला हात घालण्याआधी एकदा थांबा. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने कापड असेल, तर त्याला उन्हापासून आणि उंदरांपासून जपा. फार घासूनपुसून नवे करायला जाऊ नका.

परवाच तादेओ मला साबणाच्या पाण्यात बुडवायला निघाला होता. निकानोर खुर्चीतून ओरडला, "अरे, ठेव तो! माझं सगळं मीठ त्यात आहे."