मोसेलेचं लग्न

डोंगराच्या खांद्यावर आमचा दवाखाना आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्याच्या भिंतीला पाठ टेकून आम्हा बायकांची रांग बसते. दवाखाना आठला उघडतो, म्हणजे साडेनऊला. तोवर धुकं दरीतून चढून आमच्या ब्लँकेटांत शिरतं, आणि आम्ही एकमेकींना स्वप्नं सांगतो.

म्हणजे सांगायचो.

हे स्वप्नांचं प्रकरण एचआयव्हीच्या गोळीनं आणलं. संध्याकाळी एक, जन्मभर. गोळी डोंगरावर पोचली तेव्हा आम्ही मरत होतो, त्यामुळे तक्रारीला कुणाला सवड नव्हती. मग जगायला लागलो, आणि स्वप्नं सुरू झाली. ठसठशीत, रंगीत, ओल्या गवताचा वास असलेली. गेलेली माणसं रोज घरी येऊन बसू लागली. आमच्यात पूर्वज स्वप्नात येतात ते काहीतरी मागायलाच. मग मेंढरू कापावं लागतं, ज्वारीची बिअर गाळावी लागते. पहिल्या दोन वर्षांत गावातली निम्मी मेंढरं अशी गेली. गोळीबरोबरच्या पत्रकात ‘स्वप्ने पडू शकतात’ एवढंच होतं. मेंढरांविषयी सरकारनं काही कळवलं नव्हतं.

मामोसेलेकडे पूर्वज येत नसत. तिच्याकडे मोसेले यायची.

आमच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानं ओळखतात. मोसेलेची आई, ती मामोसेले. मोसेले अडीच वर्षांची असताना गेली, गोळ्या यायच्या आदल्या हिवाळ्यात. आईकडे नाव तेवढं राहिलं. मग स्वप्नात ती परत आली आणि मोठी होऊ लागली. तिचे दुधाचे दात पडले. ती शाळेत गेली. एकदा गणितात नापास झाली, तेव्हा मामोसेले रांगेत इतकी फणफणत बसली होती की दोघीतिघींनी मास्तरांना भेटायचा सल्ला दिला. अशी बारा-पंधरा वर्षं गेली. आणि गेल्या उन्हाळ्यात (आमच्याकडे पाऊस तेव्हाच पडतो, गवत हिरवं असतं) एका मंगळवारी मामोसेले लाजत म्हणाली, “गवत पिवळं पडलं की लग्न करू म्हणतेय.”

नेमकी त्याच महिन्यात गोळी बदलली.

“नवी गोळी जुनीपेक्षा चांगली आहे,” नर्स पुलेंग म्हणाली. शहरात शिकून आलेली, हसरी मुलगी. “आणि हिला स्वप्नं नाहीत! झोपलात की थेट सकाळ.”

तिला वाटलं आम्ही खूश होऊ. आम्ही सगळ्यांनी मामोसेलेकडे बघितलं. नवी गोळी खरोखरच चांगली निघाली. आम्ही जाड झालो, सासरचे ‘सुखानं आहे बाई’ म्हणू लागले. झोप लागायची ती धान्याच्या पोत्यासारखी, आत कुणी नसलेली.

मामोसेलेनं नवी बाटली नेली, आत कापूस कोंबला म्हणजे गोळ्या वाजत नाहीत, आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिली. उरलेल्या जुन्या गोळ्या ती आठवड्याला दोन अशा पुरवून घेऊ लागली. गवत पिवळं पडेपर्यंत पुरल्या म्हणजे झालं.

तिसऱ्या महिन्यात तिच्या रक्ताचा अहवाल आला. नर्सच्या खोलीची काच फुटलेली आहे, त्यामुळे गुप्तता आम्ही सगळ्या मिळून पाळतो.

“मामोसेले, विषाणूंचा आकडा केवढा चढलाय बघा. तुम्ही गोळी घेत नाही.”

“घेते. जुनी.”

“ती अशी तुटक घेतली की आजार तिला ओळखायला लागतो. मग ती कामाचीच राहत नाही. तुम्हाला कळतंय ना, तुम्ही मराल?”

“लग्नानंतर घेईन की नवी.”

“कुणाचं लग्न?”

यावर मामोसेले बाहेर आली आणि भिंतीशी बसली. दाखवावी लागते म्हणून पेटीतून आणलेली नवी बाटली हातात होती, पण तिच्याकडे ती बघतही नव्हती. दोन जुन्या गोळ्या उरल्या होत्या, आणि गवत अजून हिरवं होतं.

आमच्यात सगळ्यांत वयस्क मातुमो. ती म्हणाली, “पोरगा कुठला?”

“ते नाही कळलं अजून,” मामोसेले म्हणाली. “बोलणी व्हायची होती.”

मालेबुसा शेजारीच बसली होती. तिचा लेबुसा पाचव्या वर्षी तापानं गेला, आणि तोही तिच्याकडे तसाच वाढला होता. तिनं घसा साफ केला. “माझा लेबुसा वीस वर्षांचा होता, शेवटचा दिसला तेव्हा. उंच आहे. थोडा आळशी आहे, खोटं कशाला सांगू.”

मामोसेले सरसावून बसली; आमच्यात लग्नात मुलाकडचे मुलीच्या घरी गुरं देतात.

“वीस गाई,” मामोसेले म्हणाली. “दहा मेंढ्या. एक घोडा.”

“वीस? अगं, गणितात नापास झालेल्या मुलीला?”

“एकदाच झालीय!”

“बारा देते.”

“बारा गाईत तुला तिची ओढणीसुद्धा मिळायची नाही.”

मातुमो मध्ये पडली, कारण बोलणी करायला कुणीतरी थोरलं लागतं. अर्ध्या तासात सोळा गाईंवर आलं. यातली एकही गाय कुणी पाहिली नव्हती, पण दोन कपिला असाव्यात यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी मालेबुसा म्हणाली, “एक अट आहे आमची. मुलीला आई पाहिजे. बिनआईची पोर मी घरात घेत नाही. बाटली उघड.”

“हे बोलण्यांत नव्हतं.”

“मुलाची आई मी आहे. आता पुन्हा आहे.”

“संध्याकाळी घेईन.”

“आत्ता. आमच्या सगळ्यांच्या समोर.”

मामोसेले बाटलीचं झाकण धरून बसली. गोळी घेतली तर मोसेले पुन्हा दिसणार नव्हती, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही. मातुमोनं आपल्या डब्यातली आंबील पुढे केली. मामोसेलेनं कापूस काढला, गोळी तोंडात टाकली आणि आंबिलीचा घोट घेतला. मग ओढणीत तोंड लपवून बसली. कुणीतरी जीभ हलवत लूलूलू असा पहिला पुकारा केला, लग्नात करतात तसा, आणि मग सगळ्या रांगेनं केला. आतून नर्स ओरडली, “काय झालं? कोण मेलं?”

“कुणी नाही!” मातुमोनं सांगितलं.

मामोसेलेला त्या रात्री स्वप्न पडलं नाही. त्यानंतरही कधी नाही. दोन जुन्या गोळ्या तिनं स्वतःहून नर्सला नेऊन दिल्या.

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी ती रांगेत आली ती थेट मालेबुसाजवळ. बूड टेकायच्या आधीच विचारलं, “माझी पोर जेवते ना नीट?”

मालेबुसाला स्वप्नं बंद होऊन चार महिने झाले होते. तिनं ब्लँकेट सारखं केलं.

“जेवते. पण मक्याची लापशी करपवते गं.”

“हे माझ्याकडून नाही शिकली,” मामोसेले म्हणाली, आणि ऐटीत खाली बसली.